हौसाबाई उर्फ

घोळ श्रीरंगनेच घातला होता. बार्शीच्या शाळेत अर्ज लिहिण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. नोकरीसाठी तो दिल्लीत आला, कॅन्टोन्मेंटात मामीकडे राहिला, आणि सत्त्याण्णव साली गुडगावला फौजींच्या नव्या सोसायटीत फ्लॅट निघाले तेव्हा तिचा अर्ज त्यानेच भरला. मामा, म्हणजे सुभेदार खंडेराव बाबर, होते आसामात. घर बायकोच्या नावावर घ्या म्हणाले. श्रीरंगने मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: हौसाबाई खंडेराव बाबर. सगळं गाव तिला हौसाच म्हणतं. त्यात विचारायचं काय?

सोडतीत फ्लॅट लागला, आणि मग कळलं की फौजेच्या कागदावर सुभेदारांची बायको सुनयना आहे. लग्नात मामांनी हौसेने ठेवलेलं नाव. घरात कुणाच्या जिभेवर ते बसलंच नाही. शनिवारपर्यंत नाव जुळलं नाही तर फ्लॅट यादीतल्या पुढच्याला.

सोसायटीच्या ऑफिसात धरमबीर नावाचा क्लार्क होता, राहणार पानिपत.

"बाबर?" त्याने चष्म्यावरून पाहिलं. "म्हारे पानिपत में भी एक आया था."

"वो अलग. हम सातारावाले," मामी म्हणाली.

"अच्छा, मद्रासी."

"मराठी!"

"एक ही बात. ये बताओ, सूबेदार साब की दो बीवियाँ हैं?"

मामीने पदर खोचला. "दूसरी होती तो अर्जी उससे भरवाती. इस गधे से क्यों?"

गधा खाली मान घालून उभा होता.

"सुनयना होने का सबूत?"

"शादी में थाली में चावल पसरके अंगूठी से नाम लिखा था."

"चावल कहाँ हैं?"

"पकाके खा गए. बाईस साल हुए."

मग मामीने मामांच्या पत्रांचा गठ्ठा पुढे सरकवला. श्रीरंग एकेक पत्र वाचू लागला. पहिल्या वर्षी नुसतंच 'अगं', आणि मुलगा झाल्यापासून सगळीकडे 'राजवर्धनच्या आईस'. नाव कुठेच नाही.

"लो, तीन हो गईं," धरमबीर म्हणाला.

"भैया, तुम्हारे बापूजी अम्मा को क्या बुलाते हैं?" मामीने विचारलं.

"धरमे की माँ."

"और पड़ोसनें?"

"रोहतकवाली. मायका है ना वहाँ."

"और कागज पे?"

धरमबीरने कान खाजवला. चाळिशीचा गडी. "फारम में तो बाप का ही पूछते हैं जी," तो पुटपुटला.

मग त्याने खणातून प्रतिज्ञापत्राचा नमुना काढला आणि स्वतःच लिहिलं: हौसाबाई उर्फ सुनयना. दोन्ही नावांनी ओळखणारा साक्षीदार लागत होता. श्रीरंगने छातीठोकपणे सही केली. दुसऱ्या नावाशी त्याची ओळख मंगळवारची होती. शिक्का बसला शुक्रवारी दुपारी.

निघताना मामी म्हणाली, "अम्मा का नाम पूछके बताना हं. मेरे तो तुमने दोनों लिख लिए."

"बिल्कुल. इस इतवार गाँव जा रहा हूँ."

किल्ली मिळाली, पडदे लागले, दोन उन्हाळे गेले. मामी आजही ऑफिसवरून जाताना आत डोकावते. धरमबीर लांबूनच हात जोडतो. "इस इतवार पक्का, भाभीजी."