ऐंशी टक्क्यांच्या मावशी

अख्ख्या भिवंडी तालुक्यात कोणाच्या बापाचं न ऐकणारं एकच माणूस उरलं असेल, तर ते म्हणजे माझ्या ताईच्या सासूबाई. राहायला अंजूरला, वय सत्तरीपुढे. मी त्यांना मावशी म्हणतो. त्यांचा पहिला फोन रोज उशाखाली चार्जिंगला राहून फुगला, तेव्हापासून त्यांनी नियम केला: बॅटरी वीसच्या खाली उतरू द्यायची नाही, ऐंशीच्या वर चढू द्यायची नाही. चार्जिंगला लावताना त्या फोनचं कव्हर काढतात, तो गार फरशीवर ठेवतात आणि शेजारी तांदूळ निवडत बसतात. वीज जाणार आहे, शंभर करून घ्या, असं सुनेनं सांगितलं तर म्हणतात, "पोट भरल्यावर पन ताटावर बसून ऱ्हायचं का?" हा नियम स्वतःपुरता ठेवला असता तर कोणाचीच तक्रार नव्हती. पण त्यांच्या घरात कोणाचाही फोन ऐंशीला पोचला की त्या पिन उपटतात. माझाही दोनदा उपटला. मी कुरकुर केली, तर मास्तर असून एवढं कळत नाही का, असं त्यांनी भरल्या पंगतीत विचारलं.

त्यांची भाताची जमीन रस्त्याला लागून आहे. आजूबाजूच्या शेतांवर गोदामं उभी राहिली आणि त्यांच्या दोन्ही मुलांच्या मनात विकायचं घोळू लागलं. एका रविवारी मुलांनी दलालाला घरी बोलावलं. मीही होतो. दलालानं आल्या आल्या भिंतीवरच्या प्लगला आपला फोन चार्जिंगला लावला आणि पाय पसरून तासभर मावशींना समजावलं, की या वयात शेती झेपणार नाही, आज ना उद्या द्यावीच लागेल. मावशी तांदूळ निवडत राहिल्या. मग उठल्या. आम्हाला वाटलं, चहा ठेवायला चालल्या. त्यांनी वाकून त्याच्या फोनकडे पाहिलं, पिन काढली आणि फोन त्याच्या हातात दिला. "ऐंशी झाले. आता निघा. जमीन माझ्या नावावर हाय, आनि मला ती विकायची न्हाय." दलालानं मुलांकडे पाहिलं. मुलं फरशीकडे पाहत होती. तो गेला, आणि त्या घरात विक्रीची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

सहा वर्षं वापरल्यावर त्यांचा हा दुसरा फोन थकला. दुपारपर्यंतसुद्धा टिकेना. धाकट्यानं नवा फोन आणला, तो त्यांनी डब्यासकट परत केला आणि मला घेऊन रिक्षानं भिवंडीला आल्या. दुकानदारानं फोन उलटसुलट करून सांगितलं, "अम्मा, इसकी बैटरी अब नहीं आती. नया ले लो." मावशी स्टुलावर बसल्या. "मानूस थकलं म्हनून घरात नवं आनतो का आपन? तू शोध, मी बसते." दोन तास बसल्या. तेवढ्यात दुकानात उन्हात चार्जिंगला लावलेले चार फोन त्यांनी सावलीत सरकवले आणि एका पोराला उशाखाली फोन ठेवतो का, म्हणून झापलं. शेवटी दुकानदारानं कंटाळून चार ठिकाणी विचारलं आणि बॅटरी मिळाली.

परतताना रिक्षात मी त्यांचं कौतुक केलं. म्हटलं, माझा फोन संध्याकाळपर्यंत धापा टाकतो आणि तुमचा इतकी वर्षं दोन-दोन दिवस चालायचा, कमाल आहे. त्या बाहेर बघत होत्या.

"कमाल कसली," त्या म्हणाल्या. "अकलोलीची बहीण होती, रोज घंटाभर बोलायची. ती गेली. आता फोन करनारंच कोन हाय? म्हनून टिकायचा."

हल्ली शाळेतून आल्यावर मी त्यांना फोन करतो. सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नसतं. त्या काय रांधलं ते सांगतात, बांधावर कोण भेटलं ते सांगतात, आणि मी आपण होऊन फोन ठेवत नाही.