दात सरळ झाले त्या सालची शीळ

माझी शीळ बोटांची नव्हती. बोटं तोंडात घालून कोणीही वाजवतो. माझी शीळ दातांची होती. खालचे पुढचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेले आणि त्यातला एक पार आडवा होऊन बाकीच्यांच्या पुढं आलेला. त्याच्या मागं जिभेचं टोक टेकवून वारा सोडला की आधी एक बारीक सूर निघायचा, आणि मग त्याच्याच पोटातून दुसरा, जाडसर, हळूहळू खाली उतरणारा. कोणी शिकवली नाही. लहानपणी मेंढरांमागं फिरताना एक दिवस आपोआप निघाली आणि पुढं चाललेलं अख्खं खांड थांबून माझ्याकडं बघाया लागलं. त्या दिवशी मी धनगर झालो असं मी मानतो. शाळेत दुसरीपर्यंत गेलतो, तिथं माझ्याकडं कोणी असं थांबून बघितलं नव्हतं.

ज्यांनी मेंढरं राखली नाहीत त्यांना सांगतो. दोन धनगरांची खांडं एका पाण्यावर आली की मिसळतात. रंग एक, अंग एक. एकेक धरून निवडत बसलं तर दिवस जातो. म्हणून दोघं धनगर समोरासमोरच्या काठाला जाऊन उभे राहतात आणि आपापली शीळ घालतात. जरा वेळ काहीच होत नाही. मग त्या गर्दीच्या मधोमध एक भांग पडत जातो, आणि माझी माझ्याकडं, त्याची त्याच्याकडं चालाया लागतात.

आमच्या डोंगराच्या पायथ्याला, युसूफ वडगावच्या वाटेला लागून, एक पाझर तलाव आहे. थंडीत सकाळी त्याच्यावर धुकं बसलेलं असतं. पाणी दिसत नाही, पलीकडचा काठ दिसत नाही, मेंढरांचे पाय दिसत नाहीत. नुसत्या पाठी तरंगत असतात. त्या धुक्यात मी शीळ घालायचो आणि पाठी माझ्या दिशेनं वाहत यायच्या. मला कधी कधी वाटायचं, मी उभा आहे तो काठसुद्धा चालला आहे, मेंढरांबरोबर, कुठंतरी.

डोंगराच्या माथ्यावर मोबाईलचा टॉवर उभा राहिला आणि पोरं त्याच्याखाली जाऊन बोलाया लागली, त्या सुमाराला माझ्या हिरड्यांतून रक्त याया लागलं. भाकरीचा तुकडा मोडला की तुकड्याला लाल डाग. मी कोणाला बोललो नाही. बायकोनं बघितलं आणि तिनं लेकीला कळवलं.

माझी धाकटी लेक दातांची डॉक्टर. त्या वर्षांत जागोजाग कॉलेजं निघाली, त्यातल्या एकात ती शिकली, पुढं वाकडे दात सरळ करायचं वेगळं शिक्षण घेतलं आणि पुण्यात एका दवाखान्यात लागली. दिवाळीला आली ती बॅग खाली ठेवायच्या आधी बॅटरी घेऊन माझ्यापुढं उभी.

"आबा, आ करा."

"मेंढीचे दात बघतेत तसे माझे बघू नको. मी काय इकायला हाय का?"

"मेंढी तुमच्यापरीस शहाणी. गुमान तोंड उघडती."

मी उघडलं. तिनं बोटानं दात हलवून बघितले, आणि तिचं तोंड गप झालं. मेंढरू आजारी निघालं की माझं होतं तसं.

"आबा, हे दात एकमेकावर चढलेत, मधी घाण साचती, आन हिरडी मूळ सोडती. ह्या आडव्या दाताच्या दोन्ही अंगाचे हलाया लागलेत. असंच ऱ्हायलं तर काही सालात खालची ओळ मोकळी होईल."

"काढून टाक की मग तो आडवा," बायको चुलीपाशी बसून म्हणाली.

"त्याच दातात माझी शीळ हाय," मी म्हणालो.

बायको हसली. लेक हसली नाही. ती वाघरीत, मेंढरांच्या जाळ्यात खेळून मोठी झालेली. तिला ठाऊक होतं मी कशाबद्दल बोलतोय.

"काढायचा न्हाई, वळवायचा," ती म्हणाली. "सगळ्यांना थोडं थोडं सरकवून त्याला जागा करायची."

"तारा बसवून? तोंडाला कुंपण घालून मी बाजारात जाणार न्हाई."

"तारा न्हाईत. पारदर्शक साचे असतेत, आपल्याकडं आत्ता नव्यानं आलेत. दातावर टोपीवानी बसतेत. कोणाला दिसत न्हाईत. जेवताना काढायचे, परत घालायचे. पंधरा दिवसाला नवा साचा, दर साच्याला दात केसभर सरकतो."

"आन शीळ?"

"ठाऊक न्हाई, आबा. दात पडले तर मातर जाणारच हाय."

मी अट घातली. शीळ गेली तर त्याच दिवशी साचे डोंगरावरून फेकून देईन. मग तू काही बोलायचं नाही. तिनं कबूल केलं.

पुण्याला जाऊन आलो. आधी हिरड्या साफ केल्या. मग तोंडात गुलाबी चिखलासारखं काहीतरी भरून दातांचा ठसा घेतला. त्याला मातीचा वास नव्हता, पोरं चघळतात त्या गोळ्यांचा वास होता. पुढच्या खेपेला लेकीनं कॉम्प्युटरवर माझेच दात दाखवले. काळ्या अंधारात नुसते माझे दात. तिनं काहीतरी दाबलं आणि दात चालाया लागले. अंग चोरत, एकमेकाला वाट देत, जशी संध्याकाळी मेंढरं वाघरीच्या तोंडाशी येतात आणि एकामागं एक आत शिरतात. आडवा दात शेवटी वळला आणि जाऊन ओळीत उभा राहिला. मी तिला परत दाखवायला लावलं. पुन्हा एकदा. तिथल्या गार खोलीत बसून मला वाघर लावतो त्या माळावरचा संध्याकाळचा उजेड दिसाया लागला. लेक म्हणाली, "आबा, झोपलात का?" झोपलो नव्हतो.

साचे घातले. पहिले दोन-तीन दिवस दात आवळल्यासारखे, नवी वहाण पायाला आवळती तसे. बोलताना शब्द घसरायचे. बायको म्हणायची, "आवो, पुन्हा बोला की, लई गोड वाटतं." माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, शेजारच्या वस्तीवर मेंढरं राखतो. पितं कोकरू आईपासून तोडायचं असलं की आम्ही त्याच्या तोंडाला मुसकं बांधतो. मेव्हण्यानं माझ्या तोंडात वाकून बघितलं आणि चारचौघांत ओरडला:

"बघा बे, दाजीला लेकीनं मुसकं घातलं! आता दाजीचं दूध तुटलं!"

"तुझं तर अजून तुटलं न्हाई, बहिणीच्या घरी येऊन पेतोस," मी म्हणालो. पण साच्यामुळं अर्धे शब्द हवेत गेले आणि तो अजूनच हसला.

ते सगळं मी सोसलं. माझं मन दुसरीकडं होतं. पहिल्याच दिवशी मी एकटा माळावर गेलो, साचा काढला आणि शीळ घातली. निघाली. आठवड्यानं घातली तर निघाली, पण बारीक. दुसरा सूर उतरता उतरता मध्येच थांबला, विहिरीच्या पायऱ्या मध्येच संपाव्या तसा. तेव्हा माझ्या मनानं घेतलं, आता हिला वापरायची नाही. पेरायची जवारी जशी कोणी दळत नाही, तशी हिला राखून ठेवायची. दातांचं काम होऊ द्यावं, शीळ आत झाकून असू द्यावी, मग काढावी.

मग मी हाकेवर आणि काठीवर मेंढरं राखली. कुत्रं होतं, चालून गेलं. पावसाळा आला, गेला. कोकरं जन्मली, ती माझी शीळ न ऐकताच मोठी झाली. लेक दर खेपेला नवे साचे घेऊन यायची, तोंड बघायची आणि खूश व्हायची. रक्त थांबलं होतं. फोनवर विचारायची, "आबा, शीळ कशी हाय?"

मी म्हणायचो, "हाय माझ्याजवळ."

खोटं नव्हतं. स्वप्नात ती रोज यायची. मी तलावाच्या काठाला उभा, धुकं, आणि माझ्या तोंडातून दोन्ही सूर निघायचे, बारीक आणि मग जाडसर, आणि पांढऱ्यातून पाठी वाहत यायच्या. जाग आली की जीभ दातांवर फिरवायचो. दात गुळगुळीत. कोण जाणे कोणाचे.

थंडी लागली तेव्हा एक दिवस तलावावर मेव्हण्याचं आणि माझं खांड मिसळलं. दुपार होती, ऊन कोवळं, पाणी निळं. मेव्हण्यानं त्याच्या काठाला जाऊन बोटं तोंडात घातली आणि वाजवली. त्याची मेंढरं हळूहळू निघाली. मी पटका सारखा केला, साचा काढून पटक्याच्या घडीत ठेवला. जीभ टेकवली. वारा सोडला.

एक सूर आला. एकच. स्वच्छ, सरळ, लांब. चांगली शीळ होती ती, पण एखाद्या परक्या माणसाची होती.

मेंढरांनी माना वर केल्या. माझ्याकडं बघितलं. मग माना खाली घालून पाणी प्याया लागली.

मी पुन्हा घातली. ह्या वेळी मानासुद्धा वर झाल्या नाहीत.

"दाजी," मेव्हणा पलीकडून ओरडला, "थट्टा पुरे, तुमची घाला की!"

"हीच हाय."

तो तलावाला वळसा घालून आला, आणि आम्ही दोघांनी कानाच्या खुणा बघून एकेक मेंढरू धरून वेगळं काढलं. ऊन उतरेपर्यंत. जाताना तो म्हणाला, "सर्दी झाली असंल, दाजी." मी म्हणालो, "हो."

तसाच टॉवरखाली गेलो आणि लेकीला फोन लावला.

"फेकतो," मी म्हणालो.

तिला लगेच कळलं. "फेका. माझा शब्द हाय. दात हळूहळू परत सरकतील." मग म्हणाली, "पण आबा, मधल्या दिवसात मेंढरांना शीळ ऐकवली का तुमी?"

"राखून ठेवली होती."

"आवो आबा... दात केसकेस सरकत होता, तशी शीळबी केसकेस सरकली. रोज घातली असती तर मेंढरंबी तिच्यामागं सरकली असती. त्यांना पत्ता लागला नसता."

"तू मला मेंढरं शिकवू नको," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

कड्याच्या टोकाला बसलो. खाली तलाव तांबडा झालेला. साचा हातात घेतला. इतका हलका, इतका पारदर्शक, की त्यातून माझ्याच तळहाताच्या रेघा दिसत होत्या. फेकला असता तर पडताना दिसलासुद्धा नसता. माझ्या मनात आलं, दात परत सरकतील म्हणते, पण ते जुन्या जागी नेमके कशावरून जातील? वाट चुकतील. कुठंतरी तिसरीकडंच जाऊन बसतील. मग शीळ ना जुनी, ना नवी. साचा पुसला आणि तोंडात घातला. तिनं सांगितलं म्हणून नाही. तिनं तसं समजू नये म्हणून मी तिला लई दिवस कळूच दिलं नाही. ती बिचारी मी फेकले असं धरून चालली असं मी समजत होतो, आणि तिकडं बायको गुपचूप तिच्याकडून नवे साचे मागवत राहिली. मी शीळ राखून ठेवली त्यात माझं काही चुकलं असं मी आजही म्हणत नाही. किमती चीज माणूस राखतोच.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी मिठाचा खडा हातात घेऊन वाघरीपुढं उभा राहायचो, साचा काढायचो आणि ती परक्याची शीळ घालायचो. मीठ बघून मेंढरं यायची. आधी कोकरं आली. त्यांना जुनी ठाऊकच नव्हती, त्यांच्या लेखी मी असाच वाजणारा माणूस. मग त्यांच्या आया आल्या. पंधरा दिवसांनी नवा साचा, आणि शीळ अजून जराशी पातळ, जराशी उंच. रोज ऐकणाऱ्याला कळलंसुद्धा नसतं. पुढं पुढं मीठ हातात न घेता वाजवाया लागलो. ती संध्याकाळची वेळ मला आवडाया लागली. उजेड जायच्या बेतात, लोकरीचा वास, आणि तोंडातून निघणारा तो एकच लांब सूर, माळावरून जाणारा. कधी कधी वाटायचं, मी वाजवत नाही, दूरवर कोणीतरी वाजवतंय आणि मी मेंढरांबरोबर ऐकतोय.

पुढची थंडी आली. दात ओळीत बसले होते, आता साचा फक्त झोपताना घालायचा होता. लेक गावी आली होती आणि त्या सकाळी माझ्याबरोबर तलावावर आली. मेव्हण्याचं खांड आधीच पाण्यावर होतं. मिसळलं. धुकं होतं. मेव्हण्यानं आपली वाजवली आणि मग गप उभा राहिला, माझी वाट बघत.

मी शीळ घातली.

जरा वेळ काहीच झालं नाही. लेकीनं माझ्या घोंगडीचं टोक धरलं. मग पांढऱ्यातून एक पाठ सुटली, दुसरी सुटली, आणि भांग पडत गेला. माझी मेंढरं काठ चढून माझ्या पायांशी आली, ओली, वाफाळणारी. कोणी पायावर पाय दिला. पलीकडून मेव्हणा ओरडला, "दाजी, आता शीळबी पुण्याची झाली बे!"

"पुण्याची न्हाई, माझीच हाय," मी ओरडलो, आणि शब्द सरळ गेले.

धुकं उठलं तेव्हा दिसलं, एक मेंढी मागं राहिली होती. खांडातली सगळ्यात म्हातारी, निम्म्या खांडाची आई. गुडघाभर पाण्यात उभी, कान ताठ, तोंड डोंगराकडं. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

लेक म्हणाली, "आबा, परत घाला."

घातली नाही. वहाणा काढल्या आणि पाण्यात उतरलो. पाणी लई गार होतं. तिच्या मानेखाली हात घातला. तिनं हात हुंगला, आणि माझ्याबरोबर चालाया लागली.

त्यानंतर ती जगली तोवर दर वेळी तसंच. बाकीची शिळेवर यायची, आणि मग मी पाण्यात उतरून तिला घेऊन यायचो.