बारा व्होल्टचं खेळणं

माझी ताई घरगाड्यांचं वायरिंग करते. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, शेगडी, फ्रिज, सगळं एका लांब गाडीत. ताईच्या तोंडाला काट्याचं कुंपण आहे. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, गाडीत पाय ठेवायच्या आत ती बिस्किटांचा रिकामा डबा पुढे करते. "घड्याळ, अंगठ्या, साखळ्या, सगळं ह्यात टाका." मग दरडावून शिकवते, "बाहेरची केबल जोडली की घरच्यासारखी वीज. काढली की बॅटऱ्या. त्यांना छपरावरचा सोलर भरतो, गाडी चालताना इंजिन भरतं. एक बंद केलं म्हणजे सगळं मेलं, असं इथे नसतं. कळलं?" नाही म्हणायची कुणाची टाप!

माझा नवरा इमारतींमधला वायरमन. त्याला ताईच्या कामाचं भारी हसू यायचं. "बारा व्होल्टचं खेळणं," म्हणायचा. एकदा तिच्यासमोर बॅटरीच्या दोन्ही टोकांवर बोटं ठेवून त्याने दात काढले. खरंच काही झालं नाही. ताई म्हणाली, "बोटाला नाही, लोखंडाला विचार." पण पालथ्या घड्यावर पाणी.

हा माणूस घरात हातानेच बोलायचा. आधी माझं मनगट मोडलं, मग दात पाडले. त्या सकाळी तापलेली इस्त्री फेकली, ती कानाजवळून गेली, तेव्हा मी अंगावरच्या कपड्यांनिशी ताईच्या वर्कशॉपमध्ये आले. परत गेले असते तर त्या घरातून माझं प्रेतच निघालं असतं. ताईने डबा पुढे केला. मी लग्नाची अंगठी त्यात टाकली आणि गाडीत ती काम करत होती तिथे, बॅटऱ्यांच्या उघड्या खणाशेजारी बसले.

दुपारी तो आला. ताईने गाडीचं दार आतून लावलं. त्याने शिव्यांची लाखोली वाहत बाहेरची केबल उपटली.

"मेन काढला! बसा आता अंधारात!"

दिवे जळतच राहिले. एवढ्यावरून त्याचं डोकं फिरलं. वर्कशॉपमध्ये पडलेल्या जॅकच्या दांड्याने त्याने काच फोडली, कुलूप उचकटलं, आत येऊन तोच दांडा ताईच्या खांद्यावर हाणला. ती कोसळली. दांडा टाकून त्याने माझे केस धरले आणि माझं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. एकदा, परत एकदा. कपाळावरून रक्त ओघळून डोळ्यांत गेलं.

"आधी हिचे दिवे घालवतो, मग तुला बघतो!"

माझे केस न सोडताच त्याने डावा हात खणात घातला, वायरी ओरबाडायला. त्या मनगटात स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ होतं. दोन बॅटऱ्या शेजारीशेजारी होत्या, आणि पट्टा एकीच्या एका टोकावर नि दुसरीच्या उलट्या टोकावर बसला. पांढरी ठिणगी उडाली. पट्टा टोकांना चिकटला आणि लाल झाला. जळक्या कातडीचा वास सुटला.

"सोडव! सोडव मला!" माझे केस सोडून तो माझ्याकडे बघत किंचाळला.

हेच शब्द मी त्याला किती वेळा म्हटले होते! मी हलले नाही. मला हलायचंच नव्हतं.

मेन स्विच बंद करूनही उपयोग नव्हता. पट्टा बॅटऱ्यांवरच बसला होता. ताई एका हातावर उठली, लाकडी हातोडा घेतला आणि त्याच्या हातावर असा घातला की हाड मोडल्याचा आवाज आला. पट्टा तुटला. तो गुरासारखा ओरडत जमिनीवर लोळला.

"कशाला सोडवलंस?" मी ओरडले.

"बॅटऱ्या माझ्या आहेत," ताई धापा टाकत म्हणाली. "ह्या मेल्याच्या मरणाचं खापर त्यांच्यावर का फुटू देऊ?"

पोलीस त्याला घेऊन गेले. संध्याकाळी ताईने एका हाताने डबा माझ्यापुढे धरला. "घे तुझी अंगठी. काम संपलं."

"असू दे," मी म्हटलं. "उद्यापासून मीही कामाला आहे."