सुवार्ताबाईंचा पहिला घास

सुवार्ताबाई ओहोळ नाकावर माशी बसू देत नसत. आमच्या शाळेच्या वसतिगृहाच्या त्या मेट्रन, पण रुबाब असा की हेडसरसुद्धा त्यांच्या स्वयंपाकघरात चपला बाहेर काढून जात. उंच, काटक बाई. इस्त्रीची सुती साडी, घट्ट अंबाडा. आणि नाक असं तिखट की एखाद्या पोरीनं गादीखाली दडवलेला लसणाचा चिवडा त्यांना दारातूनच कळायचा. डाळ बुडाला लागायच्या बेतात असली की त्या अंगणातून हाक मारायच्या, "खातूनबी, गॅस बारीक कर."

शाळा मिशनची, लुथरन. मुलं-मुली एका वर्गात बसतात म्हणून सोलापुरात कुजबुज व्हायची, त्या काळापासूनची. आता ख्रिस्ती मुलं थोडीच. बाकी यंत्रमागवाल्यांची तेलुगू पोरं, नवी पेठेतल्या दुकानदारांची, रिक्षावाल्यांची, आणि वसतिगृहात दुधनी-श्रीपूरकडची. सकाळची उपासना, स्काउट-गाइड, शिवणवर्ग, बँड, ऑक्टोबरअखेर चर्चच्या सुधारणा दिनाचं नाटक, डिसेंबरात स्नेहसंमेलन. आमच्याकडे कार्यक्रमांना तोटा नाही. मी भूगोल शिकवतो, पण प्रत्येक कार्यक्रमात माईकपाशी मलाच उभं करतात, त्यामुळे मला बहुतेक कार्यक्रमांचा वैताग येतो. एकच मनापासून आवडायचा, तो म्हणजे प्रीतिभोजन.

नाताळच्या सुट्टीआधी सगळी शाळा मैदानात पंगतीला बसते. मुलगा, मुलगी, कोण कुणाच्या शेजारी, काही पाहायचं नाही. बेत सगळ्यांना चालेल असा असतो, पुरी, बटाट्याची भाजी, शेवयांची खीर. वाढून झालं तरी कुणी हात लावायचा नाही. मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर उभं राहून पहिला घास घ्यायचा आणि मान हलवायची. मग स्तोत्र, मग आमेन, मग जेवण. ही पद्धत फार जुनी. मिशनवाले ताटात काय घालतील याचा भरवसा नाही, असं तेव्हा गावात बोललं जायचं. म्हणून त्या वेळच्या मेट्रननं आईबापांच्या डोळ्यांदेखत आधी स्वतः खाऊन दाखवलं. आईबापांचा संशय गेला, पद्धत राहिली. तिला जोडून आणखी एक नियम होता. आमेन म्हटल्यावर ताटातलं काही टाकायचं नाही आणि तोंड वाकडं करायचं नाही. देवाचे आभार मानून झाल्यावर कुरकुर कसली करायची, असं बाई नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगत.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत बाई आजारी पडल्या. त्यातून उठल्या, अंगात ताकद आली, पण वास परत आला नाही. चवही गेली ती गेलीच. आज येईल, उद्या येईल, म्हणून त्या वाट बघत राहिल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. हे मला त्यांनीच पुढं सांगितलं. तेव्हा शाळेत कुणालाच पत्ता नव्हता.

न बोलण्याचं कारण अगदी साधं होतं. बाईंना दुसरं घर नव्हतं. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, एक भाची होती पण तिचंच घर भरलेलं, स्वयंपाकघराला लागून असलेली ती एक खोली म्हणजेच त्यांचा संसार. वास न येणारी मेट्रन कोण ठेवणार? नवी बाई आली असती, आणि खोलीही तिची झाली असती. "सर, मी कुठं जायचं होतं सांगा," त्या मला म्हणाल्या.

मग त्यांनी एक युक्ती काढली. खातूनबी आमची स्वयंपाकीण, मनात येईल ते तोंडावर दिसणारी बाई. भाजी जरा करपली की तिची भुवई वर जायची, दूध नासायला आलं की ओठ मुडपले जायचे. बाई झाकण उचलायच्या आणि भांड्याकडे न बघता खातूनबीच्या तोंडाकडे बघायच्या. तिथं काही दिसलं नाही तर चाखल्यासारखं करून मान हलवायच्या. खातूनबी मात्र बाईंच्या नाकावर निर्धास्त. बाईंनी बघितलंय म्हटल्यावर आपण कशाला बघा, असा तिचा हिशेब. अशी दोन-तीन वर्षं निघाली.

आता मागं वळून बघितलं की कळतं, खुणा काही कमी नव्हत्या. एकदा बाईंच्या खोलीत दूध उतू जाऊन पार कोळसा झालं. धूर बघून पोरी धावत गेल्या, तर बाई शेगडीकडे पाठ करून हातभर अंतरावर चष्मा लावून बायबल वाचत बसलेल्या. डोळा लागला होता, म्हणाल्या. पावसाळ्यात त्यांच्या कपाटामागं उंदीर मेला. व्हरांड्यातून जाताना आम्ही नाकाला रुमाल लावत होतो आणि बाई रोज त्याच खोलीत झोपत होत्या, तिथंच बसून चहा घेत होत्या. झाडणाऱ्या बाईनं तो उंदीर काढला तेव्हा सुवार्ताबाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. आम्ही म्हटलं, वय झालं. मी तर चेष्टाही केली की बाई, नाक गहाण टाकलं की काय. त्या हसल्या, पण जरा उशिरानं.

गेल्या प्रीतिभोजनाच्या आदल्या दिवशी खातूनबी सर्दीनं बेजार होती. पहाटे उठून पुऱ्या, भाजी आणि खीर, तिन्ही एकदम होणार नाही, म्हणून बाईंनी खीर संध्याकाळीच करून घेतली. एवढी खीर थंड ठेवायला आमच्याकडे फ्रीज कुठला? बाईंनी खिरीचं मोठं पातेलं झाकण लावून चादरीत गुंडाळलं. खीर कोमट राहिली की पोरं मिटक्या मारत खातात, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या सोलापूरच्या चादरीत ऊब रात्रभर टिकते. त्या रात्रीही टिकली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे उशिरा आले. उशिरा येणारे पाहुणे भाषण मात्र आवरतं घेत नाहीत. मग बँड झाला, मग गायन, मग बक्षिसं. सूर्य डोक्यावरून कलला, पोरांच्या पोटात कावळे ओरडत होते आणि मी माईकवरून शांत बसा, शांत बसा म्हणत होतो. तिकडं स्वयंपाकघरात बाईंनी चादर सोडली आणि झाकण उचललं. सवयीनं खातूनबीकडे बघितलं.

"बाई, माजं नाक पार चोंदलंय," खातूनबी पदरानं नाक पुसत म्हणाली. "मला कायबी कळंना झालंय. तुमीच बगा की."

"त्या तोंडावर काहीच नव्हतं, सर," बाई मला म्हणाल्या. "कोऱ्या पाटीसारखं होतं. मी तिथंच सांगायला पाहिजे होतं. पण बाहेर सगळी शाळा बसलेली, आणि मी इतकी वर्षं बोलले नव्हते. जीभच रेटेना."

वसतिगृहाच्या मोठ्या पोरींनी खीर वाढली; वास त्यांनाही आला असेल, पण बाईंनी बघितलंय म्हटल्यावर बोलणार कोण? बाई बाहेर आल्या, पंगतीसमोर उभ्या राहिल्या. वाटी तोंडाला लावली. जीभ ओली झाली, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली. स्तोत्र झालं, आमेन झालं.

मी स्टेजवरून बघत होतो. एरवी आमेन म्हटलं की जो गलका उठतो तो त्या दिवशी उठला नाही. पहिल्या रांगेतल्या एका बारक्या पोरीनं वाटी तोंडाशी नेली आणि ती थांबली. तिनं बाईंकडे बघितलं. मग डोळे मिटून एका दमात खीर पिऊन टाकली. तिच्या शेजारच्या पोरानंही तसंच केलं. मग त्याच्या पलीकडच्यानं. रांगच्या रांग आधी बाईंकडे बघत होती आणि मग पीत होती. मला वाटलं, पोरं उन्हानं दमली असतील. शिक्षकांना शेवटी वाढतात. माझी वाटी आली आणि आंबूस भपकारा नाकात घुसला. मी माईक ओढून घेतला आणि खीर खाऊ नका, असं ओरडलो. निम्म्याहून अधिक वाट्या तोवर रिकाम्या झाल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत पोरांना उलट्या सुरू झाल्या. रिक्षा, टेम्पो, शिक्षकांच्या मोटरसायकली, मिळेल त्यातून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. बहुतेक पोरं सलाईन लागल्यावर सावरली. ती पहिल्या रांगेतली बारकी मात्र शुद्धीवर येईना. वैष्णवी तिचं नाव, दुधनीकडची, पाचवीत, त्याच वर्षी वसतिगृहात आलेली. डॉक्टर आमच्याशी नीट बोलत नव्हते, आणि डॉक्टर बोलेनासे झाले की काय समजायचं ते माणूस समजतोच.

बाहेर व्हरांड्यात खीर कुणी केली याची विचारपूस चालू होती. खातूनबीचं नाव पुढं आलं. ते नाव ऐकून एक पालक जे बोलला ते मी इथं लिहिणार नाही, पण ऐकून मला त्याची लाज वाटली आणि आजूबाजूच्या चारजणांनी माना डोलावल्या त्याची भीती वाटली. गर्दी तिच्या अंगावर येत होती. खातूनबी भिंतीला टेकून पदर तोंडात धरून उभी होती. तिनं एकदाच सुवार्ताबाईंकडे बघितलं. बाई खाली मान घालून वॉर्डात गेल्या आणि वैष्णवीच्या उशाशी बसून राहिल्या.

सकाळी पोरीनं डोळे उघडले. मी खाटेच्या पायथ्याशीच होतो.

"वास आला नव्हता का गं तुला?" बाईंनी विचारलं.

"आला की," वैष्णवी म्हणाली. "लई आंबट वास व्हता."

"मग का खाल्लीस?"

"तुमी मान हलवली व्हती की, बाई. मला वाटलं, माजंच नाक बिगडलंय."

बाई उठल्या. भिंतीला हात लावत व्हरांड्यात आल्या आणि हेडसरांना सगळं सांगितलं. हेडसर त्यांना कोपऱ्यात घेऊन गेले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे आता बाहेर काढू नका. खातूनबीला कमी केलं की विषय मिटतोय. तुमची खोली तुमच्याकडेच राहील."

"मग मी उपासनेत सांगते," बाई म्हणाल्या.

सुट्टी संपून शाळा भरली त्या सकाळी त्या स्टेजवर आल्या. माईक मीच धरला होता. "खातूनबीची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "मला वास येत नाही. चव कळत नाही. कधीपासून कळत नाही. तरी मी तुमच्यासमोर मान हलवत आले." त्या आठवड्यात बाईंनी खोली सोडली आणि श्रीपूरला भाचीकडे गेल्या. त्यांची ट्रंक रिक्षापर्यंत खातूनबीनं नेली. मला बाईंचा राग आला होता, अजूनही येतो, आणि त्या रिक्षात बसल्या तेव्हा मला रडूही आलं.

आता नवी मेट्रन आहे. हुशार आहे, नाक शाबूत आहे. वसतिगृहाच्या रोजच्या जेवणालाही हीच पद्धत असते, तीही आधी घास घेते, मान हलवते, आणि स्तोत्र सुरू होतं. पद्धत बदलायला कुणी धजत नाही. स्तोत्र सुरू झालं की सगळी पोरं एकदम ताटावर खाली वाकतात, आमेन होईपर्यंत वर बघत नाहीत. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. परवा आलेले एक पाहुणे ते बघून भारावून गेले. "एवढ्या लहान वयात एवढा भक्तिभाव," ते मला म्हणाले, "हे जमवलंत कसं तुम्ही?"

पहिल्या रांगेत वैष्णवी बसली होती, नाक वरणाला टेकेल इतकी वाकून. ती वास घेत होती.