एकोणीस तारखेची हजेरी

वैजनाथ गुरुजींना झोप येते आहे, आणि ती येऊ नये असं त्यांना फार वाटतं आहे. एप्रिल महिना, सकाळची शाळा. अकराला शाळा सुटली, पोरं पांगली, खिचडीचं पातेलं घासून पालथं पडलं, आणि आंबेदऱ्याच्या माळावरच्या या दोन खोल्यांच्या शाळेत आता एकटे गुरुजी उरलेत. वर पत्रा तापलाय. खाली सतरंजी आहे, आणि उशाला घेतलंय हजेरीचं मस्टर. चार वाजता विस्तार अधिकारी ढाकणे मॅडम ते मस्टर न्यायला येणार आहेत. तोवर जागं राहायचं आणि शांतपणे काय ते ठरवायचं, असा गुरुजींचा बेत होता. पण तीन रात्री ज्याचा डोळा लागलेला नाही, त्याच्या बेताला कोण विचारतो!

ठरवायचं आहे ते उर्मिलेचं. उर्मिला आश्रुबा तांदळे, इयत्ता तिसरी. दिवाळी झाली की आंबेदऱ्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि ऊन तापल्यावर परततात. आईबाप जातात तशी पोरंही जातात, धाकट्यांना सांभाळायला, पाणी भरायला. शाळेचा पट एकवीस, त्यातली आठ अशी गळणारी. पट उतरला की वरून पत्र येतं, शाळेला कुलूप लागतं आणि पोरांना घाटाखालच्या शाळेत घालतात. घाट उतरून रोज चार मैल कोण पाठवणार पोरींना? म्हणून गुरुजी गेली सहा वर्षं त्या आठांना हजर दाखवत आलेत. गुरुजी आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. लिहीत मात्र दर शनिवारी. सगळेच दिवस हजर लावले तर संशय येतो, म्हणून मधूनच ते एखाद्याला ताप आणत, एखादीला मामाच्या गावी धाडत. शाळा गेली तर आपली बदली कुठल्या कुठे होईल, हाही स्वार्थ त्यात होता, आणि तो ते कबूल करत. अर्थात स्वतःशीच.

उर्मिला जानेवारीच्या एकोणीस तारखेला, शुक्रवारी, उसाच्या फडात ट्रॉलीखाली गेली. वीस तारखेला शनिवार होता. गुरुजींना काही माहीत नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे आठवड्याची हजेरी भरली आणि उर्मिलेला सहाच्या सहा दिवस हजर केलं. त्या आठवड्यात ताप आणला दुसऱ्याच कुणाला. सोमवारी बातमी आली.

आता ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम, भरपाई अंगावर येऊ नये म्हणून, म्हणतोय, पोरगी टोळीवर नव्हतीच. गावाकडं होती, तापानं गेली. शाळेचं मस्टर बघा. परवा तो फटफटीवरून येऊन गुरुजींना सांगून गेला, "गुरुजी, तुम्हाला काही करायचंच नाही. आहे तसं मस्टर मॅडमच्या हातात द्यायचं, बस." आणि काल उर्मिलेची आई आली, कुशीवर्ता. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून एवढंच म्हणाली, "गुरुजी, लेक तर गेली. ती कुठं मेली, एवढं तरी खरं राहू द्या."

पत्रा तडतडतो. गुरुजी मस्टरवर गाल टेकवतात. क्षणभरच, असं म्हणत.

आणि ते हजेरी घेत असतात.

नावं त्यांच्या तोंडून आपोआप निघतात आणि समोरून "हजर, गुरुजी" येतं. खोलीत मात्र कुणी नाही. सतरंजीच्या पट्ट्या रिकाम्या आहेत, तरी प्रत्येक नावाला ओ मिळते आहे. गुरुजींना याचं काही वाटत नाही. सहा वर्षं हे असंच चाललंय. उर्मिला आश्रुबा तांदळे, ते म्हणतात. ओ येत नाही. ते पुन्हा म्हणतात.

"हितं हाय की, गुरुजी. कवाची बसलेय."

ती खरंच आहे, खिडकीखालच्या तिच्या जागेवर. अंगात शाळेचा निळा फ्रॉक, त्यावर बापाचा लांब हातांचा शर्ट. उसाचं पान कापतं म्हणून फडात सगळे घालतात तसा. बाह्या दुमडून दुमडून कोपरापाशी जाड झाल्यात. केसांत उसाच्या वाळक्या पाचटाचा भुगा. जखम कुठेच नाही. गुरुजी आधी तेच शोधतात, आणि नाही हे बघून त्यांना रडू येतं.

"रडू नगा," उर्मिला म्हणते. "आज काय शिकवायचंय?"

"आज कोणती तारीख आहे?"

"एकोणीस."

गुरुजी फळ्याकडे वळतात. फळ्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय: शुक्रवार, दि. १९. पट २१, हजर २१. त्यांनी शिकवायला खडू उचलला तर तो हातात कांडीसारखा लांब होतो, हिरवा होतो, आणि ते उसाच्या फडात उभे असतात. पत्र्याच्या जागी पानं आहेत. फळा मात्र आहे, उसाला टेकवून ठेवलेला.

"त्या दिवशी घड्याळ शिकवलं होतं," गुरुजी सांगतात. "मोठा काटा, छोटा काटा. पुठ्ठ्याचं घड्याळ केलं होतं मी."

"मला कुठं येतंय घड्याळ?"

"तू नव्हतीस ना, बाळ."

"हजर होते की," उर्मिला म्हणते. तिच्या बोलण्यात राग नाही, नुसतं नवल आहे. "मस्टरात हजर होते तर मग घड्याळ मला का येईना?"

गुरुजी खाली बसतात, मातीत बोटानं वर्तुळ काढतात आणि तिला घड्याळ शिकवायला लागतात. हा बारा, हा तीन, हा सहा. छोटा काटा इथे असला की शाळा भरते. इथे आला की खिचडी. इथे आला की सुट्टी. उर्मिला गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघते. पोर हुशार, एकदा सांगितलं की पुरे.

"खिचडीवरून आठवलं," ती म्हणते. "मपल्या नावाची खिचडी कोण खायचं, गुरुजी?"

"कुणी नाही. ती कागदावरच शिजायची."

यावर ती खुदकन हसते. फडाच्या बांधावर मीठ लावलेली भाकरी खाल्ली ते सांगते. धाकट्या भावाला झोळीत टाकलं की तो कसा झोपायचाच नाही, तेही सांगते. गुरुजी ऐकतात. हे सगळं ती जिवंत असताना त्यांनी कधी विचारलं नव्हतं. दिवाळीला जाताना ही पोरं त्यांच्या पाया पडून जायची आणि ते प्रत्येकाला सांगायचे, अभ्यास करा रे. त्यानंतर ती पोरं त्यांच्या दृष्टीने मस्टरातच राहायची, सुखरूप.

"उर्मिला, मी हे तुमच्यासाठी केलं," ते म्हणतात. "शाळा राहावी म्हणून."

"ठावं हाय मला. आई म्हणायची, गुरुजींनी नाव राखलं."

"मग?"

ती उत्तर द्यायच्या आधी पायांकडे बघते. तिचे पाय धुळीनं पांढरे झालेत, टाचा फुटल्यात. भोवती आता ऊस नाही, कोप्या आहेत, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपड्या, ओळीनं. आणि शेवटच्या कोपीचं दार म्हणजे शाळेचंच दार आहे, निळं, खाली गंजलेलं.

"माझे पाय लई दुखतेत, गुरुजी," उर्मिला म्हणते. "आई तिथं फडात बसून हाका मारती, उर्मे उर्मे म्हणून. तिथं जाते तर तुम्ही हितं हजेरी घेता. मला हितं यावं लागतं. हितं बसले की पुन्हा तिची हाक. रोज जायचं आन् रोज यायचं. भाऊबी काखेत असतो. मला एकाच जागी राहू द्या की."

ही पोर भांडली असती, गुरुजींना खोटारडे म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती तर रजा मागितल्यासारखी उभी आहे, बोट वर करून.

"सुट्टी द्या," ती म्हणते.

"तुला सुट्टी दिली तर शाळा जाईल, बाळ. बाकीच्या पोरींनी कुठं जायचं? मलाही काढून टाकतील."

"व्हय," उर्मिला म्हणते. तिला ते पटलेलं दिसतं, आणि हेच गुरुजींना सहन होत नाही. ती मुकाट्याने बापाच्या शर्टाच्या बाह्या खाली ओढते. "मग मी येत राहते."

"थांब!"

गुरुजी घंटेकडे धावतात. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा, पडवीत तारेनं टांगलेला. ते हातोडी घेऊन घाव घालतात. आवाज होत नाही. दुसरा घाव, तिसरा. रूळ हलतो, पण नाद म्हणून निघत नाही. मागे उर्मिला वाट बघते आहे. "सुटली शाळा, जा!" गुरुजी ओरडतात, पण तोंडातून बाहेर पडतं ते एकच: उर्मिला आश्रुबा तांदळे. आणि ती बिचारी म्हणते, "हजर, गुरुजी." ते पुन्हा ओरडतात. ती पुन्हा म्हणते, हजर. तिचा आवाज दमलेला आहे. ते तिचा हात धरायला पुढे होतात, मध्ये उसाची पानं येतात, ते पानं मुठीत धरून बाजूला सारतात आणि—

दाराशी जीप थांबते.

गुरुजी उठून बसतात. गालावर मस्टरच्या पुठ्ठ्याचा वळ, धोतराला घाम. पावणेचार. उजव्या हाताची तर्जनी चुरचुरते आहे. ते बघतात तर पेरावर एक काप, केसाएवढा बारीक आणि लांब, कडेला रक्ताचा थेंब धरलेला. असा काप कशानं पडतो ते आंबेदऱ्यात लहान पोरालाही कळतं. पण या कोरड्या माळावर चार कोसांत उसाचं एक पान सापडायचं नाही.

ढाकणे मॅडम आत येतात, पदरानं वारा घेत खुर्चीवर बसतात. बाई स्वभावानं वाईट नाहीत; रोज पाच शाळा फिरून कंटाळलेल्या आहेत. त्या मस्टर उघडतात, जानेवारीचं पान काढतात आणि नाकावरचा चष्मा सारखा करतात.

"तर गुरुजी, तेवढं तुमच्या तोंडून एकदा सांगा, की झालं. तारीख एकोणीस. उर्मिला आश्रुबा तांदळे."

गुरुजी उभे राहतात. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हजेरीला उभं राहायची सवय पोरांची, त्यांची नव्हे.

"गैरहजर," ते म्हणतात.

मॅडम मान वर करतात. "इथे तर हजर आहे."

"ते मी लिहिलंय, मॅडम. खोटं लिहिलंय. पोरगी दिवाळीपासून शाळेत नव्हती. टोळीवर होती, आईबापाजवळ. तिथंच गेली. आणखी सात पोरं आहेत अशी, त्यांचीही नावं देतो. लिहून घ्या."

मॅडम चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा घालतात. "गुरुजी," त्या हळू आवाजात म्हणतात, "तुमची नोकरी जाईल. शाळाही जाईल. मी अजून कागद काढलेला नाही. विचार करा."

"सहा वर्षं विचारच केला," गुरुजी म्हणतात. "काढा कागद."

मॅडम कागद काढतात. गुरुजी सांगत जातात, त्या लिहीत जातात. सही करताना कापलेलं बोट दुखतं, आणि सहीशेजारी एक लाल ठिपका उमटतो. मॅडम तो टिपकागदानं टिपायला जातात. गुरुजी म्हणतात, राहू द्या.

जीप निघून जाते. गुरुजी पडवीत येतात आणि हातोडी उचलतात. शाळा अकरालाच सुटली आहे, हे अख्ख्या वस्तीला माहीत आहे. तरी ते घाव घालतात, एक, दोन, तीन, सुट्टीचे घालतात तसे भराभर. या वेळी रूळ असा दणदणतो की खालच्या घरांतून माणसं बाहेर येतात. त्यात कुशीवर्ता आहे. तिचे हात पिठाचे तसेच, आणि ती शाळेकडे बघत उभी आहे.

"सुटली!" गुरुजी ओरडतात. आवाज फाटतो, पण शब्द नीट बाहेर पडतात. "सुटली गं शाळा! जा आता आईकडं!"