प्रीअँप कुठला घ्यावा

घरी गिटार रेकॉर्ड करायची म्हणून गेले तीन महिने मी आवाज वाढवणारा प्रीअँप आणि तो आवाज कॉम्प्युटरपर्यंत नेणारा इंटरफेस निवडतोय. एक जाणकार म्हणतो, प्रीअँप वेगळाच घ्या. दुसरा म्हणतो, इंटरफेसमध्ये तो असतोच. डोकं उठलंय नुसतं. आज वैतागून बायकोला इंटरनेटवरच्या एका वादकाची दोन्हींवरची रेकॉर्डिंग ऐकवली आणि विचारलं, "कुठलं चांगलं वाटतं?"

"दोन्हीत तो माणूसच वाजवतोय," ती म्हणाली. "तुझं वाजवणं ऐकून किती दिवस झाले."

चिडलो, पण खरं होतं ते. स्वच्छ आवाजाच्या नादात माणूस गप्पच होऊन बसतो. गिटार काढली. बोटं अडखळत होती. एवढ्या उकाड्यात ती उठली आणि पंखा बंद करून समोर येऊन बसली.