साळूबाई आणि गायरानाची माती

साळूबाई धावड्याजवळच्या ज्या वस्तीत लग्न होऊन आल्या, तिच्या उत्तरेला गायरानाचा माळ होता. नवरा लवकर वारला. शेत दिराच्या, म्हणजे भिवाच्या हाती राहिले आणि साळूबाईंनी शेळ्यांवर संसार चालवला. शेळ्या चारायला गायरानाशिवाय दुसरी जागा नव्हती.

१९८६ च्या सुमारास त्याच गायरानावर काळ्या दगडाची खाण सुरू झाली. परवाना जालन्याच्या एका ठेकेदाराचा. अट अशी होती की वरची माती वेगळी रचून ठेवावी, दगड संपल्यावर खड्डे बुजवून ती पुन्हा पसरावी, झाडे लावावीत, गवत येऊ द्यावे. हे झाले की नाही ते पाहूनच त्याची अनामत मोकळी होणार होती. खाण चालली तोवर साळूबाई शेळ्या बांधाबांधाने हिंडवत राहिल्या आणि शेतमालकांच्या शिव्या ऐकत राहिल्या. आशा एकच होती. गायरान परत मिळणार होते.

माती खरोखर रचली गेली होती. तिचा मोठा ढीग होता, हे आज सगळे मान्य करतात. मात्र या भागात एक जुनी रीत आहे. वैशाखात आटलेल्या तळ्यातला गाळ बैलगाडीने वावरात नेऊन टाकतात. तो नेताना कोणी कोणाला विचारत नाही, कारण तो सर्वांचा असतो. १९९६ च्या वैशाखात, दगड संपत आला तेव्हा, ठेकेदाराचा मुनीम अप्पाराव पारावर येऊन म्हणाला, “माती पडून हाय, न्या की. गाळच समजा.”

गावाने तिला गाळच समजले. पहिली गाडी भिवाची होती, असे साळूबाई म्हणतात. भिवा ते नाकारतो. पहिली कोणाची, हे आता ठरवता येणार नाही. पावसाआधी ढीग संपला, एवढे निश्चित. अप्पारावचे औदार्य ते हेच. जी माती पसरायला ठेकेदाराला खर्च आला असता, ती फुकटात नाहीशी झाली आणि नेणाऱ्यांची तोंडे आपोआप बंद झाली.

पुढच्या वर्षी श्रावणात सरकारी निरीक्षक पाहणीला आले. श्रावण मुद्दाम निवडला होता की नाही, याचा पुरावा नाही. पण श्रावणात इथे खडकही हिरवा दिसतो. खड्ड्यांवर मुरूम लोटलेला होता, त्यावर कडुलिंबाची रोपे रांगेत उभी होती आणि मध्ये तरोट्याचे तण माजले होते. निरीक्षकांनी एका रोपाशेजारी टिकाव मारायला सांगितला. मुरूम निघाला. आणखी खणले, तरी मुरूमच.

“वरची माती कुठे आहे?” त्यांनी विचारले.

“माती नव्हतीच, साहेब,” अप्पाराव म्हणाला. “उघडा खडक व्हता. गावाला इचारा.”

माती नव्हती असे ठरले, तर ती पसरण्याची अटही उरत नव्हती. निरीक्षक जमलेल्या लोकांकडे वळले.

“व्हता तर खडकच,” कोणीतरी पुटपुटले. भिवाने होकाराची मान हलवली.

साळूबाई गर्दीतून पुढे आल्या. “खडक? मंग खाणीआधी इतके वर्षं माह्या शेळ्या काय दगडं चावून राह्यल्या व्हत्या का रे? माती व्हती, साहेब. ह्या मुनीमानं न्या म्हनलं आन ह्या समद्यांनी नेली. हा माहा दीर. ह्याच्या वावरात चला, दावते.”

“वैनी, गप बस!” भिवा ओरडला. “त्या मातीतली जवारी तूच खाल्ली न्हाई का? तवा बराबर ग्वाड लागली!”

लोक हसले.

“खाल्ली,” साळूबाई म्हणाल्या. “तुहं वावर खुरपून खाल्ली. आन म्हनूनच सांगून राह्यले. न खाता सांगितलं असतं तं तूच म्हनला असता, हिला जळतंय.”

अप्पारावही हसत होता. “मावशी, गाव तुमचं, माती तुमची, नेली तुम्हीच. ठेकेदाराचा काय गुन्हा?”

“राखणीला कुत्रं ठिवलं आन त्यानंच भाकरी वाटल्या. खाणाराला मारा, साहेब, पर कुत्र्यालाबी सोडू नका.”

निरीक्षकांनी पाहणी नामंजूर केली आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत माती पसरण्यास ठेकेदाराला बजावले. गावाचा राग ठेकेदारावर निघायला हवा होता. तो निघाला साळूबाईंवर. भिवाने त्यांच्या शेळ्या आपल्या गोठ्यातून बाहेर काढल्या. गिरणीवर त्यांचे दळण मागे राहू लागले. गायरान सगळ्यांनाच हवे होते. माती परत करायला एकही जण तयार नव्हता.

चैत्रात अप्पारावचा ट्रक आला. माती काळीभोर होती. साळूबाईंनी मागच्या फाळक्यातून मूठभर ओढून पाहिली. तिच्यात गवताचे ठोंब होते आणि शेळ्यांच्या लेंड्या होत्या.

“कुठून आनली?”

“राजूरच्या पल्याडून,” ड्रायव्हर म्हणाला. “पडीक हाय तिथं.”

“पडकात लेंड्या कशा?”

“बाया शेळ्या चारतात ना. लई बोंबलून राह्यल्या व्हत्या. तुम्हाला काय त्याचं? तुमच्या शेळ्या जगतील.”

साळूबाई ट्रकपुढे रस्त्यात बसल्या.

भिवा धावत आला. “वैनी, डोकं फिरलं का तुहं? तुलाच पायजे व्हती ना माती?”

“मला माह्या गायरानाची पायजे. तुह्या वावरात हाय ती. भर गाडी.”

भिवा आल्या वाटेने परत गेला. तापलेल्या रस्त्यावरून साळूबाई उठल्या नाहीत. शेवटी ड्रायव्हरने ट्रक वळवला. ती माती जिथून खरवडली तिथे परत पडली की वाटेत कोणाला विकली गेली, याची खात्री करता आलेली नाही. ठेकेदार पुन्हा फिरकला नाही. नवी खाण त्याला दुसरीकडे मिळाली होती, आणि अडकलेली अनामत हाच त्याला स्वस्तातला सौदा वाटला असावा.

साळूबाईंनी त्याच उन्हाळ्यात शेळ्या विकल्या. गायरानावर अजून मुरूमच आहे. भिवाने वावरातली घमेलेभरही माती दिली नाही, आणि गावातल्या दुसऱ्या कोणीही नाही.